मिनिबाइकचे कललेले इंजिन

१९६० आणि १९७० च्या दशकांत अमेरिकेत बनलेल्या अनेक मिनिबाइकवर इंजिन ओळंब्यात उभे नसते. सिलिंडर पुढच्या चाकाकडे किंवा मागे सीटकडे, डोळ्यांना सहज कळेल इतका झुकलेला असतो. गाडी उभी असली तरी या कलामुळे ती निघण्याच्या तयारीत असल्यासारखी दिसते, म्हणून तो शोभेसाठी दिला असावा असे पुष्कळांना वाटते. जुन्या मिनिबाइक उघडून पुन्हा चालत्या करणाऱ्या कारागिरांचा अनुभव वेगळा आहे. कल इंजिनाने मागितलेला नव्हता. तो फ्रेमने लादला आणि इंजिनाने तो कसाबसा सोसला. ही गोष्ट उमगायला बहुतेकांना काही वर्षे आणि दोन-चार फुटलेली इंजिने लागतात.

मिनिबाइकचा जन्म मोटारशर्यतींच्या पिटमधला. १९५० च्या दशकात ड्रॅग रेसिंगच्या मैदानांवर इकडून तिकडे जायला शर्यतवाल्यांनी हाताशी असलेल्या नळ्या वाकवून, जोडून, त्यांवर छोटे इंजिन बसवून अशा गाड्या स्वतःच तयार केल्या. पुढे गो-कार्ट बनवणाऱ्यांनी त्या विकायला काढल्या, कारण इंजिन, क्लच, चेन आणि लहान चाके त्यांच्याकडे आधीच होती. ओहायोतल्या मॅन्सफिल्डचा मिकी रप हा त्यांतला ठळक माणूस. त्याने कार्ट बनवल्या, मिनिबाइक बनवल्या आणि १९६५ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत स्वतः सहावा क्रमांक मिळवला. टॅको, बोनान्झा, फॉक्स, आर्क्टिक कॅट ही त्या काळातली आणखी नावे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे सुटे संच विकणारी मिशिगनमधली हीथ कंपनी मिनिबाइकसुद्धा सुट्या भागांच्या खोक्यातून विकत असे. जोडणी गिऱ्हाइकाने घरी करायची.

यांतल्या बहुतेकांनी इंजिन बाहेरून घेतले. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन आणि टेकम्सी यांची विस्कॉन्सिन राज्यात बनणारी, साधारण तीन ते पाच अश्वशक्तीची, एका सिलिंडरची फोर-स्ट्रोक इंजिने स्वस्त होती आणि गावोगावी मिळत. हिरवळ कापणाऱ्या फिरत्या पात्याच्या यंत्राला उभ्या शाफ्टचे इंजिन लागते, ते मिनिबाइकला चालत नाही. म्हणून टिलर, पाण्याचा पंप, बर्फ उडवणारे यंत्र अशा कामांसाठी बनवलेले आडव्या शाफ्टचे इंजिन निवडले गेले. अशा इंजिनाची घडण एका गृहीतावर उभी असते: ते सपाट बुडावर बसेल आणि सिलिंडर बऱ्यापैकी सरळ राहील. मिनिबाइकच्या फ्रेमने नेमके हेच गृहीत मोडले.

फ्रेम म्हणजे मुख्यतः वाकवलेल्या दोन नळ्या. मागच्या चाकापाशी त्या जमिनीलगत असतात आणि पुढे हँडलच्या नळीकडे चढत जातात. इंजिनासाठी लोखंडी बेस प्लेट बसवायची तर सर्वांत सोपी जागा या दोन नळ्यांच्या पाठीवर. नळ्या तिथे चढत्या असतील, तर प्लेटही चढती. सपाट प्लेटसाठी नळीला आणखी एक वाक द्यावा लागतो किंवा वेगळे पाय वेल्ड करावे लागतात. म्हणजे जास्त वेळ, जास्त धातू आणि एक जास्तीचा जिग. किमतीची चढाओढ चाललेल्या धंद्यात असा खर्च टाळला जाणे स्वाभाविक होते. अनेक जुन्या फ्रेम हाताळल्यावर हे कारण जितके पटते, तितके दुसरे कोणतेही पटत नाही. कलाचा कोन आणि नळीचा चढ कितीतरी फ्रेमवर तंतोतंत जुळतात.

दुसरे कारण जागेचे. ही इंजिने फ्लॅटहेड, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेली. हेड पसरट, पण स्पार्क प्लग त्याच्या माथ्यावर वर डोके काढून असतो. मिनिबाइकची सीट इतकी खाली असते की उभ्या इंजिनाचा प्लग सीटच्या बुडाला किंवा वरच्या नळीला भिडण्याच्या बेतात येतो. रबरी टोपी घातली तर आणखी थोडी जागा लागते आणि प्लग काढायला पाना फिरवायचा तर त्याहून अधिक. सिलिंडर पुढे झुकवला की माथा सीटखालून निघून हँडलच्या मागच्या मोकळ्या त्रिकोणात जातो. फ्रेमच्या बाजूने पाहिले तर तो त्रिकोण रिकामाच असतो. इंजिन सरळ उभे ठेवले तर वाया जाणारी तेवढीच एक जागा.

तिसरे कारण चेनचे. सेंट्रिफ्यूगल क्लच क्रँकशाफ्टच्या टोकावर बसतो आणि चेन थेट मागच्या स्प्रॉकेटकडे किंवा आधी मधल्या जॅकशाफ्टकडे जाते. चेन ताणायला बेस प्लेटमध्ये लांबट खाचा असतात. बोल्ट सैल करून इंजिन पुढे ओढायचे आणि पुन्हा आवळायचे. प्लेट चढती असेल तर इंजिन पुढे सरकताना थोडे वरही जाते, म्हणून चेन सीटच्या कंसाला किंवा फ्रेमच्या आडव्या पट्टीला घासत नाही ना, हे प्रत्येक ताणानंतर पाहावे लागते. महागड्या गाड्यांवर साध्या क्लचऐवजी पट्ट्याने चालणारा टॉर्क कन्व्हर्टर आला आणि पेच वाढला. त्याची दुसरी पुली इंजिनाच्या मागे बरीच जागा खाते, त्यामुळे इंजिन पुढे ढकलावे लागते आणि मग पुढच्या नळीशी त्याचा झगडा सुरू होतो. इंजिन किती पुढे, किती वर आणि किती तिरके, या तिन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. एक बदलली की उरलेल्या दोन्ही हलतात.

याखेरीज सांगितली जाणारी कारणे दुय्यम आहेत. वजन पुढे आणि खाली आल्याने पुढचे चाक उचलण्याची खोड कमी होते, हे खरे. पण काही अंशांच्या कलाने गुरुत्वमध्य हलतो तो थोडासाच, आणि बसलेल्या माणसाच्या वजनापुढे तो जाणवत नाही. वाऱ्याने इंजिन थंड राहावे म्हणून ते झुकवले, हे विधान तर चुकीचेच. या इंजिनांच्या फ्लायव्हीलवर पंख्याची पाती असतात आणि पत्र्याचे आवरण ती हवा सिलिंडरच्या पंखांवर वळवते. गाडी उभी असली तरी इंजिनाला वारा मिळतो. त्याचा मूळ धंदाच एका जागी उभे राहून पंप चालवण्याचा. कंपनांचा मुद्दा थोडा खरा आहे. एका सिलिंडरच्या इंजिनाचा हादरा सिलिंडरच्या दिशेने आणि तिच्या काटकोनात वेगवेगळ्या जोराचा असतो, त्यामुळे कल बदलला की हँडलला आणि पायदानांना बसणारा झटका बदलतो. मात्र हे हिशेबाने ठरवले गेल्याची खूण जुन्या फ्रेमवर दिसत नाही.

आता ऑइल. दुरुस्तीच्या बाकावर येणारी बहुतेक दुखणी इथून सुरू होतात.

या इंजिनांत ऑइलचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोपीला डिपर नावाची लहानशी जीभ असते. प्रत्येक फेरीत ती क्रँककेसच्या तळाशी साठलेल्या ऑइलमध्ये बुडते आणि ते आतमध्ये सगळीकडे उडवते. रॉड ॲल्युमिनियमचा, आणि तो क्रँकपिनवर कोणत्याही वेगळ्या बेअरिंगशिवाय थेट फिरतो. ऑइल उडत आहे तोवर ही जोडी वर्षानुवर्षे टिकते. ते थांबले की ॲल्युमिनियम पिनला चिकटू लागतो, रॉड आवळतो, तुटतो आणि तुटलेले टोक क्रँककेसला भोक पाडून बाहेर येते.

इंजिन कलले की डिपर ऑइलपर्यंत पोचत नाही, अशी एक समजूत या कामात फार प्रचलित आहे. भूमिती तपासली तर मध्यम कलाला ती टिकत नाही. क्रँककेस क्रँकशाफ्टच्या अक्षाभोवती फिरतो तेव्हा तळ तिरका होतो, पण अक्षाखालच्या भागात ऑइलची पातळी फारशी उतरत नाही. डिपरची खालची पोच कलाच्या कोसाइनने घटते. वीस अंशांना ती घट डिपरच्या लांबीच्या सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एखाद-दोन मिलिमीटर. ऑइलचे प्रमाण बरोबर असेल तर डिपर आपले काम करत राहतो. बिघडते ते प्रमाण मोजण्याचे साधन. ऑइल भरण्याचे भोक क्रँककेसच्या बुडाशी, एका बाजूला असते आणि सूचना अशी, की भोकातून ओघळेपर्यंत भरा. ही सूचना सपाट इंजिनासाठी लिहिलेली आहे. तिरक्या पातेल्यात एका काठाने पाणी सांडू लागते तेव्हा दुसरा काठ अजून कोरडा असतो. इथेही तसेच घडते.

एका दुरुस्तीवाल्याकडे आलेली गाडी या बाबतीत प्रातिनिधिक म्हणता येईल. रॉड तुटलेला, क्रँककेसला अंगठा जाईल एवढे भोक. दर आठवड्याला ऑइल काठोकाठ भरत होतो, असे मालक शपथेवर सांगत होता आणि त्याचे म्हणणे खरे होते. सिलिंडर पुढे झुकलेला, भरण्याचे भोक पुढच्या म्हणजे खालच्या बाजूला. काठोकाठ भरूनही इंजिनात जायला हवे होते त्याच्यापेक्षा कितीतरी कमी ऑइल जात होते. सपाट रस्त्यावर ते कसेबसे निभावले. लांब उतारावर गाडीचा आणि इंजिनाचा कल एकाच दिशेने वाढला, उरलेले ऑइल पुढच्या कोपऱ्यात गेले आणि डिपर हवेत फिरू लागला. त्यात त्या गाडीचा गव्हर्नर काढून टाकलेला होता. हा गव्हर्नर अशा इंजिनाला मिनिटाला साधारण ३,६०० फेऱ्यांवर रोखतो. तो काढला की वेग वाढतो आणि रॉडवरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कमी ऑइल आणि जास्त वेग, दोन्ही एकत्र आल्यावर पुढचे सारे काही क्षणांत घडते.

उलट बाजूचे दुखणे धुराचे. सिलिंडर असा झुकलेला, की भरण्याचे भोक वरच्या बाजूला येते. ओघळेपर्यंत भरले की इंजिनात ऑइल जास्त होते, व्हॉल्व्हच्या कप्प्यात चढते, तिथल्या ब्रीदरमधून निघते आणि ब्रीदरची नळी एअर क्लीनरला जोडलेली असेल तर थेट कार्बोरेटरमध्ये ओढले जाते. निळा धूर पाहून रिंगा गेल्या असे निदान होते. नव्या रिंगा पडतात, सिलिंडर होन केला जातो, पैसे जातात आणि धूर तसाच राहतो. असे इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या हातातून एखाद्या जाणत्या कारागिराकडे येते तेव्हा तो आधी बेस प्लेटवर पाणसळ ठेवतो, जास्तीचे ऑइल काढतो आणि काम तिथेच संपते. अनुभवी आणि नवख्या कारागिरातला फरक पाना धरण्यात फारसा दिसत नाही. इंजिन उघडण्याआधी ते कोणत्या अवस्थेत बसलेले होते हे कोण पाहतो, तिथे तो दिसतो.

ऑइल भरण्याची योग्य रीत कष्टाची नाही. पुढच्या किंवा मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळे सारून बेस प्लेट पाणसळीत आणायची. गाडी साइड स्टँडवर टेकलेली नसावी, नाहीतर आडवा कल तसाच राहतो. मग भोकाच्या काठापर्यंत ऑइल भरायचे, किंवा माहितीपत्रकात दिलेले माप मोजून ओतायचे. या आकाराच्या इंजिनांत ते साधारण अर्धा ते पाऊण लिटर भरते. ठोकळे काढून गाडी तिच्या नेहमीच्या अवस्थेत उभी करायची आणि भोकातून काडी बुडवून तिच्यावर त्या अवस्थेतली पातळी कोरून ठेवायची. पुढची सगळी तपासणी त्या खुणेवर चालते. भोक खालच्या बाजूला असेल तर योग्य प्रमाण भरल्यावर ते ऑइलच्या पातळीखाली जाते, तेव्हा तिथे वर चढणारी नळी बसवून तिच्या टोकावर टोपी लावणे हाच खात्रीचा उपाय.

रॉड तुटलेल्या इंजिनांतली काही वाचवता येतात. क्रँककेस शाबूत असेल आणि पिनवर नुसता ॲल्युमिनियम लिंपला गेला असेल, तर तो हायड्रोक्लोरिक आम्लाने सोडवता येतो. आम्ल ॲल्युमिनियमला वेगाने खाते आणि पोलादाला मानाने सावकाश. काम उघड्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून करायचे. फेस थांबला की पिन लगेच पाण्याने धुऊन, कोरडी करून, बारीक एमरीने झळाळून घ्यायची आणि मायक्रोमीटर लावायचा. पिन गोल आणि मापात असेल तर नवा रॉड बसतो. पिवळट फेसाखालून स्वच्छ पोलाद वर येते, तो या कामातला मनापासून आनंद देणारा प्रसंग आहे.

इंधनाची बाजू ऑइलइतकी विध्वंसक नाही, पण फसवी आहे. फ्लोट असलेल्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची पातळी फ्लोट आणि सुई राखतात. इंजिनाबरोबर कार्बोरेटरही कलला तर फ्लोट योग्य वेळी सुई बंद करत नाही. पेट्रोल कधी ओसंडते, कधी जेटला कमी पडते. इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये पाचरीसारखा तुकडा किंवा वाकवलेली इनटेक नळी घातली की फ्लोटची वाटी सपाट राहते. जुन्या गाडीवर असा तुकडा सापडला तर तो कोणीतरी विचार करून घातलेला आहे, हे समजावे. ब्रिग्जच्या काही इंजिनांवर कार्बोरेटर टाकीच्या डोक्यावरच बसतो, त्याला फ्लोट नसतो आणि पेट्रोल खालून नळीने ओढले जाते. टाकी तिरकी झाली की पेट्रोल नळीपासून दूरच्या कोपऱ्यात जमते. अशा गाडीची तक्रार ठरावीक असते: भरल्या टाकीला छान चालते, अर्धी झाली की धापा टाकते. सुई फिरवून, डायफ्राम बदलून थकल्यावर टाकी भरली की दुखणे गायब होते, आणि मग कारण कलात आहे हे ध्यानात येते. टाकीपासून नळी वेगळी असेल तरी तिचे तोंड कलाच्या वरच्या बाजूला गेले तर टाकीच्या तळाशी पेट्रोल शिल्लक असताना इंजिन बंद पडते.

टू-स्ट्रोक इंजिनांना यांतल्या बहुतेक अडचणी नाहीत. त्यांचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, तळाशी साठा नसतो, आणि डायफ्रामचा कार्बोरेटर असेल तर इंजिन कसेही बसवावे. कार्टवर गाजलेली मॅकलॉकची इंजिने याच जातीची. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण लुनाचे. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणलेली ही मोपेड पियाजिओच्या चाओवर बेतलेली होती, आणि चाओचा टू-स्ट्रोक सिलिंडर चक्क आडवा असतो. फोर-स्ट्रोकला असेच आडवे करायचे तर इंजिन मुळापासून त्यासाठी घडवावे लागते. होंडाने १९५८ च्या सुपर कबमध्ये ते केले. सिलिंडर जवळजवळ जमिनीला समांतर आणि ऑइलची व्यवस्था त्याला साजेशी. होंडाच्या छोट्या मंकी गाड्यांत त्याच कुळातले इंजिन आले. अमेरिकन मिनिबाइक आणि जपानी मंकी शेजारी ठेवल्या तर मंकीचा कल इंजिनाच्या आराखड्यातच आहे हे दिसते. मिनिबाइकवर तो इंजिन तयार झाल्यानंतर आला.

अलीकडे या कामाला एक नवे वळण मिळाले. जुने फ्लॅटहेड मिळेनासे झाले तेव्हा लोक त्या फ्रेमवर होंडाची जीएक्स मालिकेतली इंजिने किंवा त्यांच्या चिनी नकला बसवू लागले. १९८३ पासून आलेल्या या मालिकेत व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात, आणि जीएक्स १६० सारख्या इंजिनांत सिलिंडर मुळातच २५ अंश झुकलेला असतो. त्याचा क्रँककेस, ऑइलची भोके आणि कार्बोरेटर हे सगळे बूड सपाट आणि सिलिंडर तिरका असे धरून आखलेले आहे. नवख्याची गफलत अशी होते, की तिरका सिलिंडर पाहून हे इंजिन तिरक्या प्लेटला सोयीचे असेल असे त्याला वाटते. दोन कल जुळून येतात, सिलिंडर फारच झुकतो आणि हेड पुढच्या नळीवर आदळते. फ्रेमचा कल उलट दिशेचा असेल तर सिलिंडर सरळ झाल्यासारखा दिसतो, पण बूड तिरकेच राहते. होंडा या इंजिनांसाठी चालवतानाच्या कलाची मर्यादा २० अंश सांगते. फ्रेमनेच त्यातला मोठा वाटा खाल्ला, तर चढ-उतारासाठी फारसे काही उरत नाही. प्लेट आणि इंजिन यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची दुसरी प्लेट घालून बूड सपाट करावे, चेनची रेषा पुन्हा जुळवावी आणि मगच बोल्ट आवळावेत.

हाच प्रश्न महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यालाही पडू शकतो. ओढ्याच्या उतरत्या काठावर पेट्रोलवर चालणारा पाण्याचा पंप टेकवला आणि ऑइल भरलेले असतानाही तो बंद पडत राहिला, तर या जातीच्या अनेक इंजिनांत असलेले ऑइल कमी झाल्याचे संवेदक प्रज्वलन तोडत असण्याची शक्यता असते. पंप सपाट दगडांवर ठेवून पाहणे, हा पहिला उपाय.

जुन्या मिनिबाइकवर काम करायला बसताना क्रम असा ठेवावा. आधी चाके आणि टायर मूळ मापाचे आहेत का ते पाहावे. मागे मोठा टायर घातलेला असेल तर सगळी फ्रेमच पुढे झुकते आणि कल आपोआप बदलतो. मग बेस प्लेटचा कोन मोजून लिहून ठेवावा. भरण्याचे भोक, ब्रीदर आणि टाकीचे तोंड कलाच्या कोणत्या बाजूला येतात ते पाहावे. हे चार आकडे आणि खुणा हातात नसताना इंजिन उघडू नये.

टेकम्सीची ही इंजिने बनवणारे कारखाने २००८ च्या अखेरीपर्यंत बंद झाले. फुटलेल्या प्रत्येक क्रँककेसमागे जगातले एक मूळ इंजिन कमी होते. ज्यांच्याकडे अशी गाडी असेल त्यांनी तिची तिरकी प्लेट कापून सरळ करू नये. तिच्यावर सापडलेली पाचर, वाकडी नळी किंवा उंच केलेली ऑइलची टोपी भंगारात टाकू नये, आणि गाडी दुसऱ्याच्या हाती देताना मोजलेला कोन व ऑइलचे माप एका कागदावर लिहून तिच्याबरोबर द्यावे.